आरेत शिरलं की लोअर जातो: एका हॅचबॅकच्या हेडलाइटचं प्रकरण

फोन आला तेव्हा संध्याकाळचे पावणेआठ वाजले होते. 'दादा, तुमचा नंबर आमच्या वॉर्डातल्या मावशींनी दिला. लाइट पुन्हा गेला. फिल्टरपाड्याच्या अलीकडे उभी आहे, पुढे सगळा काळोख आहे.' आवाजात भीतीपेक्षा थकवा जास्त होता. पवईच्या बाजूच्या एका रुग्णालयात त्या नर्स आहेत, राहायला कांदिवली पूर्वेला. रात्रपाळी असली की सातला घर सोडायचं, हायवेने गोरेगावला यायचं, चेकनाक्यावरून आरे कॉलनीच्या झाडीतल्या अंधाऱ्या रस्त्याला शिरायचं आणि पवईला निघायचं. गाडी दसऱ्याला घेतलेली, सेकंडहँड, २०१३ची पेट्रोल हॅचबॅक. नोव्हेंबरपासून हे सहाव्यांदा होत होतं. आरेत शिरल्यावर थोड्याच वेळात दोन्ही हेडलाइटचा लोअर, म्हणजे खाली जवळ पडणारा झोत, एकदम बंद.

अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा झोत, लागतोय का, एवढंच मी विचारलं. लागत होता. 'मग ताई, अप्परवर अगदी हळू पवईपर्यंत जा. समोरून कुणी आलं तर वेग आणखी कमी करून डावी बाजू धरा. सकाळी ड्यूटी सुटली की गाडी घरी नेऊ नका, सरळ भांडुपला माझ्या गॅरेजला आणा.' आरेच्या त्या पट्ट्यात रात्री माणसं कडेने चालतात, कुत्री आडवी येतात, क्वचित बिबट्याही येतो. तिथे लाइट नसलेली गाडी चालवायला मी कुणालाही सांगणार नाही. सतत अप्पर लावणंही चांगलं नाही, समोरच्याचे डोळे दिपतात. पण त्या रात्री दुसरा मार्ग नव्हता.

सकाळी साडेनऊला त्या आल्या. रात्रभर जागलेलं माणूस, पण मी आधी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि नुसतं ऐकलं. बॉनेट नंतर उघडलं. या प्रकरणातला निम्मा शोध त्या चहाच्या वेळात लागला, असं मी अजूनही मानतो.

त्याआधी गाडी तीन ठिकाणी जाऊन आली होती. पहिल्याने बल्ब बदलले. दुसऱ्याने फ्यूज तपासले, रिले (लाइटचा करंट जोडणारा छोटा विजेवरचा स्विच) बदलला. तिसऱ्याने पुन्हा नवे बल्ब घातले आणि पुन्हा तक्रार आली तर एलईडी लावून घ्या म्हणाला. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये लाइट लखलखीत लागला आणि दोन-तीन दिवसांनी आरेत गेला. यात कुणी फसवणूक केली असं मला वाटत नाही. गाडी गॅरेजला पोचेपर्यंत थंड झालेली असायची, स्विच दाबला की लाइट लागायचा, आणि जो भाग नुकताच बदलला त्यानेच दुरुस्ती झाली असं वाटायचं. कधीमधी येणारा बिघाड असाच निसटतो. तो समोर घडवून आणल्याशिवाय कुठलाही भाग बदलायचा नाही, हा नियम मी वडिलांकडून शिकलो.

सिस्टरांनी सांगितलेल्या तीन गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या. पहिली, लोअर गेला तरी अप्पर चालतो. दुसरी, गाडी बंद करून अर्धा तास थांबलं की लोअर आपोआप परत येतो. तिसरी त्यांनी जरा संकोचून सांगितली: 'मी पासिंगची दांडी दोन-तीनदा ओढली ना, की कधीकधी मिनिटभर लागतो. वेडेपणा असेल माझा.' हा वेडेपणा मुळीच नव्हता. ही गोष्ट आधीच्या तिघांनी विचारली असती, तर सिस्टरांचे बल्बचे दोन जोड आणि रिलेचे पैसे वाचले असते.

आणि आरेतच का? रुग्णालयात कुणी म्हणालं तिथल्या दमट हवेने होत असेल, कुणी त्या रस्त्याबद्दल भलतंच काही सांगितलं. मी सिस्टरांना विचारलं, घरून निघताना लाइट लावता का? हो, सातला अंधारच असतो. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे कांदिवलीहून चेकनाक्यापर्यंत हायवेच्या गर्दीत वीसेक मिनिटं लाइट जळत असतो. बिघाडाला जागा नव्हे, वेळ लागत होता. लाइट वीस-पंचवीस मिनिटं चालू राहिला की काहीतरी तापून सुटत होतं, आणि तेवढ्या वेळात गाडी नेमकी आरेत पोचलेली असायची. कदाचित हायवेवरही एखाद्या दिवशी लोअर गेला असेल, पण तिथल्या खांबांच्या उजेडात ते कुणाला कळतं? मुंबईत एका बल्बवर महिनोन्महिने गाड्या फिरतात आणि मालकाला पत्ता नसतो. इथल्या रस्त्यांवर आपला हेडलाइट आपल्याला दिसतच नाही.

सिस्टर रिक्षाने घरी गेल्या आणि आम्ही कामाला लागलो.

हेडलाइट गेला म्हटलं की मी आधी काय गेलं आणि काय राहिलं ते मांडतो. एकाच बाजूचा गेला तर बल्ब, त्याचा होल्डर, त्या बाजूचा फ्यूज किंवा अर्थिंग (करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट). दोन्ही बाजूंचे अप्पर-लोअर सगळेच गेले तर मोठा फ्यूज, रिले किंवा लाइटचा मुख्य स्विच. सगळे लागतात पण मंद, तर कुठेतरी व्होल्टेज गळतंय किंवा अल्टरनेटर चार्ज करत नाही. इथे दोन्ही बाजूंचा फक्त लोअर एकाच क्षणी जात होता. या गाडीत डाव्या-उजव्या हेडलाइटला १५ अँपिअरचे वेगवेगळे फ्यूज आहेत. दोन फ्यूज एकाच सेकंदाला उडून अर्ध्या तासाने आपोआप जुळत नाहीत. दोन बल्बही एकदम जाऊन परत येत नाहीत. रिले तर अप्पर आणि लोअर दोघांचा मिळून एकच, आणि अप्पर चालू होता. मग दोन्ही लोअरना सामाईक आणि अप्परला नसलेला असा एकच तुकडा उरत होता: डिपरच्या (स्टीअरिंगजवळच्या, अप्पर-लोअर बदलणाऱ्या आणि पासिंग देणाऱ्या) दांडीतला लोअरचा कॉन्टॅक्ट आणि त्याच्याकडे जाणारी वायर. सिस्टरांची तिसरी गोष्टही तिकडेच बोट दाखवत होती.

पण अंदाजावर स्टीअरिंग उघडायचं नाही. आधी मोजायचं.

आमच्याकडे शिकणारा एक मुलगा आहे, हुशार, हात चांगला. मी त्याला म्हटलं, इंजिन चालू ठेव, लोअर लाव आणि लाइट जाईपर्यंत गाडीजवळून हलू नकोस. चोविसाव्या मिनिटाला दोन्ही लाइट गेले. त्याने लगेच टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावली, टोक उजव्या बल्बच्या होल्डरमागून एकेका टर्मिनलला टेकवलं आणि ओरडला, 'दादा, तिन्हीवर करंट येतोय! बल्बच गेला!'

इथे भल्याभल्यांची फसगत होते, म्हणून जरा थांबतो.

बऱ्याच गाड्यांत हेडलाइटच्या बल्बचं सामाईक टर्मिनल बॉडीला अर्थ केलेलं असतं आणि स्विच पॉझिटिव्ह पाठवतो. या गाडीत उलटं आहे. रिले आणि फ्यूजमधून पॉझिटिव्ह थेट सामाईक टर्मिनलवर येतो आणि डिपर स्विच लोअर किंवा अप्परच्या फिलामेंटची दुसरी बाजू अर्थला जोडतो. जपानी घडणीच्या बऱ्याच गाड्यांत ही पद्धत दिसते. अशा गाडीत अर्थचा रस्ता तुटला, की पॉझिटिव्ह फिलामेंटमधून पलीकडे येऊन नुसता उभा राहतो, त्याला पुढे वाट नसते. टेस्ट लॅम्प लावला की त्यालाच वाट मिळते, आणि पाच वॉटचा तो छोटा दिवा छान पेटतो. थंड फिलामेंटचा अडथळा एका ओहमच्याही आत असतो, टेस्ट लॅम्पला तो जाणवतसुद्धा नाही. म्हणजे तिन्हीवर करंट दिसतो याचा अर्थ बल्ब गेला असा नाही. बल्ब शाबूत आहे आणि अर्थची वाट तुटली आहे, असा आहे. बल्ब खरंच गेलेला असता तर लोअरच्या टर्मिनलवर दिवा पेटलाच नसता.

मुलाला मी हे बोलून सांगितलं नाही. बल्ब काढून त्याच्या हातात दिला. दोन्ही फिलामेंट शाबूत होती. मग वहीत सर्किट काढायला लावलं. पाच मिनिटांनी तोच म्हणाला, 'म्हणजे लोअर चालू असताना लोअरच्या टर्मिनलवर शून्य यायला पाहिजे?' बरोबर. शून्य किंवा त्याच्या जवळपास.

अर्धा तास गाडी थंड होऊ दिली आणि या वेळी मीटर लावून बसलो. बल्ब होल्डरमध्येच, लाइट जळता ठेवून, मागून पिन घालून मोजायचं. हे महत्त्वाचं आहे. कपलर (वायरींचा जोड) काढून मोजलं तर करंट वाहत नाही, आणि जळका कॉन्टॅक्टही मीटरवर शहाण्यासारखा वागतो. एच४ (या बल्बचा प्रकार) होल्डरमध्ये वरची आडवी पट्टी लोअरची. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, सामाईक टर्मिनलवर १३.५, म्हणजे पॉझिटिव्हची बाजू चोख. लोअरच्या टर्मिनलवर सुरुवातीलाच १.६. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. दहाव्या मिनिटाला २.४ झाले, एकोणिसाव्याला ३.८. डाव्या बल्बवरही तेच आकडे. मुलगा दर मिनिटाला लिहीत होता. पंचविसाव्या मिनिटाला आकडा १३.८ वर उडाला आणि भिंतीवरचा उजेड गेला.

३.८ व्होल्ट अर्थच्या वाटेत अडकले, तेव्हा बल्बला १३.५ मधले जेमतेम ९.७ मिळत होते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घटतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं तर सुमारे तीस टक्के उजेड जातो. ९.७ व्होल्टवर उजेड एक तृतीयांशाच्या आसपास उरतो. म्हणजे लोअर बंद पडण्याआधीची काही मिनिटं सिस्टर दर वेळी तेवढ्याच उजेडात आरेचं वळण घेत होत्या, आणि त्यांना वाटत होतं लाइट चालू आहे. बंद पडलेला लाइट निदान कळतो. हा आकडा मुलाने वहीत मांडला तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आता गळती वायरमध्ये की स्विचमध्ये? स्टीअरिंगखालचं कव्हर काढलं, कॉम्बिनेशन स्विचचा (डिपर ज्यात असतो त्या डबीचा) कपलर न सोडवता मागून पिन घातली. लाइट पुन्हा पंधरा मिनिटं तापवून मोजलं. लोअरची वायर स्विचमध्ये शिरते तिथे ३.६. स्विचमधून अर्थ बाहेर पडते तिथे ०.१. मधले साडेतीन व्होल्ट स्विचच्या पोटात. क्लॅम्प मीटरवर करंट ८.५ अँपिअर. गुणाकार केला तर जवळजवळ ३० वॉट. आमच्या बाकावरचं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं आहे. तेवढी उष्णता स्टीअरिंगच्या दांडीजवळच्या बंद प्लॅस्टिकच्या डबीत तयार होत होती. कव्हर काढताना माझ्या हाताला ऊब लागली होतीच, आणि अगदी हलका जळकट वासही होता. सिस्टरांना तो वास कधी आला नव्हता. गाडीत त्या एअर फ्रेशनर लावतात.

स्विच काढला. या गाडीला एअरबॅग नव्हती, म्हणून काम सोपं झालं. असती तर बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय स्टीअरिंगला हात लावला नसता, आणि घरी स्वतः उघडू पाहणाऱ्यांनी तर ते करूच नये. डबी उघडल्यावर लोअरचा कॉन्टॅक्ट काळा पडलेला दिसला, त्याच्याखालचं प्लॅस्टिक वितळून बसलं होतं आणि पट्टीचा ताण गेला होता. थंड असताना पट्टी कशीबशी टेकत होती. तापली की प्लॅस्टिक नरम होऊन पट्टी उचलली जायची. पासिंग ओढलं की दांडीच्या हिसक्याने कॉन्टॅक्ट घासला जाऊन क्षणभर जुळायचा. सिस्टरांच्या तिन्ही गोष्टींचं उत्तर त्या बोटभर तुकड्यात होतं.

पण दहा-अकरा वर्षांत चांगला स्विच असा जळत नाही. ६०/५५ वॉटच्या (अप्पर ६०, लोअर ५५) दोन बल्बचा लोअर मिळून नऊ-सव्वानऊ अँपिअर ओढतो आणि तो सोसण्यासाठीच हा कॉन्टॅक्ट घडवलेला असतो. उत्तर मुलाला सापडलं, स्टेपनीच्या खोबणीत. जॅकच्या मागे एक चुरगळलेलं खोकं होतं, त्यावर १००/९० वॉट लिहिलेलं. आधीच्या मालकाने जास्त उजेडासाठी हे बल्ब घातले आणि गाडी विकताना पुन्हा साधे बसवले असणार. ९० वॉटचा एक बल्ब साडेसात अँपिअर घेतो, दोन मिळून पंधरा. कॉन्टॅक्टमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पंधरा अँपिअरला ती अडीच पटींहून जास्त होते. आणि फ्यूज? प्रत्येक बाजूचा फ्यूज १५ अँपिअरचा, त्यातून वाहणार साडेसात. तो उडायचं कारणच नाही. फ्यूज वायरीला शॉर्टपासून वाचवतो. दोन्ही बाजूंचा करंट जिथे एकत्र येतो त्या छोट्या कॉन्टॅक्टचं रक्षण करायला तिथे कुणीच नव्हतं. बल्बचे होल्डरही करपून तपकिरी झाले होते, उजवा तर बोटांत चुरला.

संध्याकाळी सिस्टरांना फोन करून सगळं सांगितलं. आजच्या रात्री गाडी मिळणार नाही, रिक्षाने जा, असंही सांगितलं. त्या म्हणाल्या, 'दादा, तो कॉन्टॅक्ट घासून तात्पुरता चालेल का? आठवडाभराने पगार आहे.' पैशांचं आपण नंतर बघू म्हटलं, पण घासून देणार नाही. पट्टीचा ताणच गेला होता. पॉलिश पेपरने चकाकी आली असती, दाब आला नसता. आठवड्याच्या आत पुन्हा आरेत गाडी थांबली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा स्विच आणायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो. तिथे जुन्या गाड्यांचे भाग रांगेने मिळतात आणि पुष्कळ भाग मी तिथून डोळे मिटून घेतो. डिपर स्विच मात्र जुना घेत नाही. त्या दुसऱ्या गाडीत कोणते बल्ब होते, कुणाला ठाऊक? नवा स्विच, चिनी मातीचे दोन होल्डर आणि ६०/५५चे चांगल्या कंपनीचे बल्ब घेतले. बल्ब बसवताना काचेला बोट लागू द्यायचं नाही, बोटाच्या तेलाचा डाग तापून काच फुटते; मुलगा आता कागदातच धरतो.

दोन गोष्टी मी मुद्दाम केल्या नाहीत. रिलेची तयार हार्नेस (वायरींचा जुडगा) घातली नाही. लोकांना ती सगळ्या दुखण्यांवरचं औषध वाटते, पण बाजारातल्या बहुतेक हार्नेस पॉझिटिव्ह पाठवणाऱ्या गाड्यांसाठी असतात; या गाडीत ती तशीच जोडली तर अप्परचा इंडिकेटर वेडावाकडा वागतो आणि पुढचा मेकॅनिक आणखी गोंधळतो. साध्या बल्बला मूळ वायरिंग पुरेसं आहे. आणि एलईडीही लावला नाही. त्याने करंट इतका कमी झाला असता की जळका स्विच आणखी वर्षभर तसाच लपून राहिला असता. शिवाय हॅलोजनच्या फिलामेंटच्या जागेवर आखलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा उजेड नीट कापला जात नाही, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आरेच्या अरुंद रस्त्यावर समोरून स्कूटरवर येणाऱ्या माणसाचा विचार मला करावाच लागतो.

स्विच बसल्यावर पुन्हा मीटर. सुरुवातीला लोअरच्या टर्मिनलवर ०.३, चाळीस मिनिटांनीही ०.३. स्टीअरिंगचं कव्हर गार. मग गाडी सपाट जागी भिंतीसमोर लावून दोन्ही लाइटची पातळी जुळवली. उजवा लाइट बराच वर मारत होता, कुणीतरी स्क्रू फिरवून मंद उजेडावर उपाय शोधला असणार. रात्री साडेनऊला मी आणि मुलगा गाडी घेऊन निघालो. जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) हायवेला, तिथून कांदिवलीला, तिथे फिरून परत चेकनाक्याला आणि आरेत. लाइट तासभर जळत होता. फिल्टरपाड्याच्या अलीकडे, जिथे सिस्टर थांबल्या होत्या, तिथे गाडी कडेला घेऊन मुलाने बॉनेट उघडलं आणि मोबाइलच्या उजेडात पिन लावली. ०.३.

महिन्याने सिस्टर ठरल्याप्रमाणे परत आल्या, आकडा तोच होता. एक काम बाकी आहे. १००/९०च्या उष्णतेने उजव्या हेडलाइटच्या रिफ्लेक्टरवरचा मुलामा करपून धुरकट झाला आहे आणि त्या बाजूचा उजेड डाव्यापेक्षा अजूनही पिवळट पडतो. तो पुसून जात नाही, आख्खा हेडलाइट बदलावा लागेल. पाऊस सुरू व्हायच्या आत, मेच्या दुसऱ्या आठवड्यात करू असं ठरलंय. तारीख मुलाने वहीच्या त्याच पानावर, आकड्यांच्या खाली लिहून ठेवली आहे.